गुप्त म्हटला गेलेला रोग



मुंबईहून आगगाडीने दिल्लीकडे येताना मथुरा मागे पडली की रुळांलगतच्या भिंती वाचू लागण्याची सवय माझ्या पिढीतील पुष्कळ मराठी प्रवाशांना जडली होती. त्या भिंतींवर दोन प्रकारची अक्षरे ठळकपणे रंगविलेली असत. एक जाहिरात ‘रिश्ते ही रिश्ते’ या शब्दांनी सुरू होई आणि तिच्याखाली करोल बागेतील रैगरपुऱ्याचा पत्ता असे. लग्ने जमवून देण्याचा तो उद्योग होता. दुसऱ्या जाहिराती लग्न जमल्यानंतरच्या भीतीवर जगत. ‘गुप्तरोग’, ‘मर्दाना कमजोरी’, ‘शर्तिया इलाज’. ज्या रोगाला गुप्त म्हणायचे तोच मैलोगणती भिंतींवर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहावा, यातील विनोद प्रवाशांच्या ध्यानात येत असे. त्यातील दुःख मात्र फारच थोड्यांच्या ध्यानात येई.

आज त्याच विकाराविषयी बोलावयाचे आहे. पुरुषाला संभोगासाठी आवश्यक तेवढा शिश्नाचा ताठरपणा येत नाही, किंवा आला तरी टिकत नाही, आणि ही अवस्था महिनोन्महिने चालू राहते, तेव्हा वैद्यकात तिला उत्थानदोष म्हणतात. आपल्या जुन्या भाषेत यासाठी नपुंसकत्व, षंढत्व, क्लैब्य असे शब्द आहेत. पण ते रोगाचे नाव सांगता सांगता रोग्याला शिवीही देतात, म्हणून मी ते टाळणार आहे. घरात वडीलधारी मंडळी बसली असतील तर त्यांनी संकोचाने रेडिओ बंद करू नये. हा विकार बहुतांशी त्यांच्याच वयाचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 40 ते 70 वर्षे वयाच्या सुमारे 1,300 पुरुषांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष 1994 साली प्रसिद्ध झाले. त्यांत निम्म्याहून किंचित अधिक पुरुषांना कमीअधिक प्रमाणात हा त्रास असल्याचे आढळले. निम्मी प्रौढ पुरुषजात ज्या दुखण्याने थोडीबहुत ग्रासलेली आहे ते दुखणे गुप्त कसे राहिले, हाच खरे तर संशोधनाचा विषय आहे.

मराठी माणसाला या विषयावर मोकळेपणाने बोलायला शिकविण्याचा प्रयत्न रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केला. 1927 साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले व 1953 साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1934 साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला ते हरले. पण उत्तरे न मिळाल्याने प्रश्न थोडेच थांबतात? ते भिंतीवरच्या पत्त्यांकडे वळले.

अशाच एका पत्त्यावरून फिरून आलेला एक तरुण काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आला. करोल बागेत सोन्याचांदीच्या कारखान्यांच्या ज्या दाट गल्ल्या आहेत, तेथे सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले बरेच आहेत. जुने सोने आटवायचे, तेजाबात शुद्ध करायचे, कारखान्याच्या केरातून सोन्याचा कण वेचून काढायचा, हा त्यांचा धंदा. विट्याकडील या माणसांनी मुसा आणि भट्ट्या घेऊन सारा हिंदुस्थान पालथा घातला आहे. हा तरुण चौतीस वर्षांचा होता. लग्नाला सहा वर्षे झाली होती, मूल नव्हते. बायको गावी सासूजवळ. हा वर्षातून दोनदा जाई. गावाने नेहमीप्रमाणे दोष सुनेच्या पदरात टाकला होता, तिची तपासणीही झाली होती आणि तीत काही निघाले नव्हते. खरा प्रकार नवराबायको दोघांनाच ठाऊक होता. तीन वर्षे तो चूर्णे, माजूम आणि कसलीशी इंजेक्शने घेत होता. त्यापायी हप्त्यांनी पैसे भरता भरता अंगठी गेली होती. सोने आटविणाऱ्याची अंगठी जाते तेव्हा ती कुठे आटली हे त्याला नेमके ठाऊक असते.

त्याने आपली तक्रार सांगितली तेव्हा मी त्याला दोनतीन साधे प्रश्न विचारले. पहाटे जागे होताना ताठरपणा असतो का? नाही, म्हणाला, दोन वर्षांत नाही. इच्छा होते का? तीही मेल्यासारखी झाली आहे. दाढी किती दिवसांनी करतोस? पूर्वी रोज करीत असे, आता आठवड्याने केली तरी चालते. आणि मग त्याने आपणहून एक गोष्ट सांगितली. त्याच्या मते तिचा या दुखण्याशी काही संबंध नव्हता. ‘‘डॉक्टरसाहेब, हल्ली गल्लीतनं चालताना खांदा सारखा पाट्यांना धडकतोय. बाजूचं दिसतच न्हाई.’’

या शेवटच्या वाक्याकडे आपण परत येऊ. त्याआधी शरीरात हे कार्य कसे घडते ते थोडक्यात सांगतो. शिश्नात स्पंजासारख्या पोकळ्यांचे दोन दंड असतात. एरवी त्यांतील सूक्ष्म स्नायू आकुंचित असतात व रक्त बेताचेच येते. मेंदूतून व मज्जारज्जूतून संदेश आला की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो. हा अणुरेणूंचा दूत काही क्षणच जगतो, पण तेवढ्यात स्नायू सैल पडतात, रक्त आत घुसते, पोकळ्या फुगतात आणि त्यांच्या दाबाखाली बाहेर नेणाऱ्या शिरा चेपल्या जाऊन रक्त कोंडले जाते. रक्तवाहिन्या सैल करण्याचे नायट्रिक ऑक्साइडचे हे कार्य उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना 1998 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत सिल्डेनाफिल या गोळीला मान्यता मिळाली. ही गोळी इच्छा निर्माण करीत नाही. दूताने दिलेला निरोप लवकर पुसला जाऊ नये एवढीच व्यवस्था ती करते. निरोपच निघाला नाही तर गोळी काय करणार?

म्हणजे या एका क्रियेला मन, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि रसग्रंथी अशा चौघांची सही लागते. कोणीही सही नाकारली तर कागद अडतो. मनाचा वाटा मोठा आहे, विशेषतः तरुण वयात. धातू गेल्यामुळे शक्ती गेली अशा समजुतीने झुरणाऱ्या तरुणांच्या अवस्थेला डॉ. विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी 1960 साली ‘धात’ विकार हे नावच दिले. ज्याला पहाटे ताठरपणा येतो आणि शय्येवरच येत नाही, त्याचे दुखणे बहुधा मनात असते. परंतु ‘‘सगळे मनाचे खेळ आहेत’’ असे म्हणून रुग्णाची बोळवण करणे ही भिंतीवरच्या वैद्याइतकीच मोठी चूक आहे. उरलेल्या तिघांच्या सह्या तपासल्या पाहिजेत, आणि त्यांच्यामागे उभे असलेले संप्रेरकांचे, प्रतिकारशक्तीचे आणि वारशाचे हातही पाहिले पाहिजेत.

संप्रेरकांची कथा जुनी आहे. 1849 साली गटिंगेन येथे बर्थोल्ड या शास्त्रज्ञाने खच्ची केलेल्या कोंबड्याच्या पोटात वृषणाचे पुन्हा रोपण केले, तेव्हा त्याचा तुरा वाढला आणि तो आरवू व झुंजू लागला. वृषणातील कोणता तरी पदार्थ रक्तावाटे काम करतो हे त्यावरून दिसले. पुढे 1889 साली ब्राऊन-सेकार या बहात्तर वर्षांच्या प्रख्यात शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या व गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तारुण्य परत मिळाल्याचे जाहीर केले. त्या पाणीदार अर्कात संप्रेरक जवळजवळ नसणारच. म्हातारबुवांना मिळाले ते मनाचे तारुण्य होते. खरे संप्रेरक टेस्टोस्टेरॉन 1935 साली हाती आले, ते कृत्रिम रीतीने बनविणाऱ्या बुटेनांट व रुझिका यांना 1939 चे नोबेल जाहीर झाले, आणि तेव्हापासून त्याचा बाजार तेजीत आहे.

या बाजाराविषयी एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. उत्थानदोष असलेल्या पुरुषांपैकी थोड्यांच्याच बाबतीत टेस्टोस्टेरॉनची कमतरता हे मुख्य कारण असते. ती आहे की नाही हे ठरविण्यासाठी सकाळी, शक्यतो उपाशीपोटी, निदान दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त तपासावे लागते. कारण या संप्रेरकाचे प्रमाण सकाळी भरते आणि दिवस कलला की ओसरते. संध्याकाळच्या एका तपासणीवरून वर्षभराची इंजेक्शने सुरू करणाऱ्याला वैद्य म्हणू नये. शिवाय बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की मेंदू वृषणांना काम थांबविण्याचा हुकूम देतो आणि शुक्रबीजांची उत्पत्ती मंदावते, कधी पार बंद पडते. मूल हवे म्हणून ‘ताकदीचे इंजेक्शन’ घेणारा माणूस अशा रीतीने मुलाची वाट आपल्याच हाताने बुजवून टाकतो. माझ्या गलाईवाल्या तरुणाला जी इंजेक्शने दिली गेली ती कसली होती हे त्याला कोणी सांगितले नव्हते. कुपीवरचा कागद आधीच खरवडलेला असे.

त्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन फार कमी निघाले. पण वृषणांना चेतविणारी मेंदूकडची संप्रेरकेही कमीच होती. म्हणजे कारखाना धड होता, वरून मागणीच येत नव्हती. मागणी कोण अडवीत होते? प्रोलॅक्टिन. हे संप्रेरक मातेच्या दुधाचे. पुरुषातही ते थोडे असते, मापाच्या हिशेबाने वीसच्या आत. याचे हजाराच्या पुढे होते. ते वाढले की वृषणांकडे जाणारा हुकूम दबतो. पित्तासाठी म्हणून सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत डोम्पेरिडोन असते, त्यानेही प्रोलॅक्टिन वाढते. हा तरुण तसली गोळी रोज घेत होता. ती थांबवून पुन्हा तपासले तरी आकडा तेथेच. मग मेंदूचे चित्र काढले. कवटीच्या तळाशी वाटाण्याएवढी जी पिट्युटरी, म्हणजे पोष ग्रंथी, असते तिच्यात गाठ होती, आणि ती वर वाढून डोळ्यांच्या मज्जातंतूंना दाबीत होती. खांदा पाट्यांना धडकत होता तो यामुळे. ही गाठ कर्करोगाची नव्हती.

प्रोलॅक्टिनला एरवी लगाम घालून ठेवतो तो डोपामिन हा मेंदूतील पदार्थ. त्याचे काम करणाऱ्या गोळ्या उपलब्ध आहेत. आठवड्यातून दोनदा घेण्याच्या त्या गोळीने अशा गाठी बहुधा शस्त्रक्रियेवाचून आकसतात. याची दृष्टी पहिल्या काही आठवड्यांतच सुधारू लागली. इच्छा आणि दाढी दोन्ही परत यायला सहा-सात महिने लागले.

येथे करोल बागेचा एक जुना ऋणानुबंध सांगण्याचा मोह होतो. याच वस्तीत हकीम अजमल खान यांचे आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेज आहे. 1916 साली लॉर्ड हार्डिंग यांनी त्याची कोनशिला बसविली आणि 1921 साली महात्मा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. हकीमसाहेबांना जुन्या औषधांची परीक्षा नव्या रसायनशास्त्राने व्हावी असे वाटे. त्यासाठी त्यांनी सलीमुझ्झमान सिद्दिकी या तरुण रसायनतज्ज्ञाला निवडले. सिद्दिकींनी 1931 साली सर्पगंधेच्या मुळीतून नवी द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांपैकी एकाला हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलीन असे नाव दिले. पुढे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे इंग्लंडातील नियतकालिकात अनुभवानिशी मांडले, आणि 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन निघाले. रक्तदाबावर ते वर्षानुवर्षे वापरले गेले. पण ते मेंदूतील डोपामिनचा साठा रिता करते. मग मन खिन्न होते, प्रोलॅक्टिन वाढते आणि कित्येक रुग्णांत उत्थानदोष उद्भवतो. वनस्पतीचे औषध म्हणजे निरुपद्रवी औषध, असे मानणाऱ्यांनी करोल बागेतल्या या मुळीची हकीकत जरूर ऐकावी. हकीम अजमल खान यांना हवी होती ती परीक्षा; त्यांच्या नावाच्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर पुड्या विकणाऱ्यांना ती नको असते. तथाकथित शुद्ध वनौषधींत चोरून सिल्डेनाफिल मिसळल्याचे देशोदेशीच्या तपासण्यांत वारंवार आढळले आहे. ज्याच्या छातीत कळ येते म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवली जाते, त्याने नकळत असली पुडी घेतली तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते.

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. जंतूंशी लढण्यासाठी असलेली ही सेना कधी आपल्याच मुलखावर उलटते. स्वादुपिंडावर उलटली तर लहान वयात मधुमेह, अवटू ग्रंथीवर उलटली तर थायरॉइडचे विकार, अधिवृक्क ग्रंथीवर उलटली तर ॲडिसनचा रोग. आणि या प्रत्येकातून कामशक्तीला ओहोटी लागू शकते. संधिवातासारख्या रोगांत ही सेना वर्षानुवर्षे युद्धसज्ज राहते, तिचे रासायनिक बाण रक्तातून वाहत राहतात आणि रक्तवाहिन्यांचे नाजूक अस्तर चरचरत जाते. जेथून नायट्रिक ऑक्साइड सुटायचा तेच हे अस्तर.

परंतु आपल्या देशात या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण शोधायचे तर ते महारोगात सापडेल. कुष्ठाच्या जंतूला शरीरातील थंड जागा मानवतात: नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, हातपायांची कातडी आणि वृषण. रोगाच्या पसरट प्रकारात ते वृषणांत शिरतात. उपचार चालू असताना, कधी ते संपल्यावरही, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर प्रतिकारशक्ती भडकून उठते. अंगावर लाल, दुखऱ्या गाठी येतात, ताप चढतो आणि वृषण सुजतात. सूज उतरते तेव्हा कित्येकदा त्यांतील काम करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असतात. टेस्टोस्टेरॉन घटते, कधी स्तन वाढतात, मूल होत नाही, ताठरपणा जातो. मनोहर दिवाणांनी 1936 साली वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभारले, बाबा आमट्यांनी 1949 साली वरोऱ्याला आनंदवन वसविले. झडलेली बोटे, बसलेली नाके आणि त्या माणसांचा स्वाभिमान याविषयी महाराष्ट्राने पुष्कळ ऐकले, वाचले. पण बऱ्या झालेल्या पुरुषाच्या संसारात रात्री काय उणे पडते, हे कोणी त्याला विचारल्याचे मी क्वचितच ऐकले आहे. वास्तविक या रुग्णांत टेस्टोस्टेरॉनची कमतरता तपासणीने सहज कळते, ती भरून काढता येते आणि त्याने हाडेही बळकट राहतात.

प्रतिकारशक्ती आणि संप्रेरके यांचे नाते किती जवळचे आहे याचा एक विलक्षण पुरावा दिल्लीतच मिळाला. राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेच्या उभारणीत अग्रेसर असलेले डॉ. गुरसरण प्राण तलवार यांनी कुष्ठरोगाविरुद्ध लस तयार केली, तशीच मेंदूतून निघणाऱ्या एका नियंत्रक संप्रेरकाविरुद्धही लस बनविली. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णांत तिची प्राथमिक चाचणी झाली. शरीराने त्या संप्रेरकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली की टेस्टोस्टेरॉन खाली जाते, आणि तेथे ते खाली जाणेच हवे होते. लसीने मुद्दाम घडविलेली ही गोष्ट रोग आपल्या परीने, न सांगता करीत असतो.

वारशाचा भाग नाजूक आहे, कारण आपल्याकडे ‘‘घराण्यातच आहे’’ हे वाक्य निदान म्हणून न उच्चारता शाप म्हणून उच्चारले जाते. जन्मतःच हा दोष असू शकतो हे जुन्यांनाही ठाऊक होते. सुश्रुताने क्लैब्याचे जे सहा प्रकार सांगितले त्यांत ‘मानस’ एक आणि ‘सहज’, म्हणजे उपजत, हा दुसरा. आजच्या ज्ञानाने या ‘सहज’चे अनेक तुकडे पडतात. काही पुरुषांत एक एक्स गुणसूत्र जास्तीचे असते. 1942 साली क्लाइनफेल्टर यांनी या लक्षणसमूहाचे वर्णन केले. साधारण सहाशे-सातशे पुरुषांत एक असे त्याचे प्रमाण, म्हणजे मोठ्या शाळेगणिक एखादा मुलगा. उंच बांधा, लहान व घट्ट वृषण, विरळ दाढी. पुष्कळांचा ताठरपणा तरुणपणी ठीक असतो आणि पहिली तक्रार मूल न होण्याची असते. दुसऱ्या एका उपजत विकारात मुलगा वयात येतच नाही आणि त्याला वासही येत नाही. कारण गर्भावस्थेत नाकाकडून मेंदूकडे जाणाऱ्या ज्या पेशींनी पुढे कामसंप्रेरकांचा हुकूम सोडायचा, त्यांचा प्रवासच अर्धवट राहतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मिसरूड फुटत नसेल तर त्याला अत्तराच्या कुपीचा वास विचारावा. ही चाचणी फुकट आहे.

करोल बाग ही 1947 नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी भरलेली वस्ती. पंजाबी, सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत थॅलेसेमियाचे वाहक अधिक आढळतात. आपल्याकडे उल्हासनगरला हे चांगले ठाऊक आहे. आईबाप दोघेही वाहक असले तर मुलाला दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागू शकते, आणि त्या रक्तातील लोह शरीरात साचत जाऊन पोष ग्रंथीत बसते. लोह वेळेवर बाहेर काढले नाही तर मुलगा वयात येत नाही, आला तर पुढे त्याचे टेस्टोस्टेरॉन घटते. दोष हिमोग्लोबिनच्या जनुकाचा, भोग मात्र संप्रेरकांचा.

ही झाली ठसठशीत उदाहरणे. सामान्य माणसाच्या सामान्य उत्थानदोषातही वारशाचा वाटा असतो का? जुळ्या भावांच्या अभ्यासावरून तो साधारण एक तृतीयांश असावा असा अंदाज निघाला होता. 2018 साली कॅलिफोर्नियातील 36,000 हून अधिक पुरुषांची जनुके तपासून संशोधकांनी सहाव्या गुणसूत्रावर, सिम-1 या जनुकाजवळ, एक जागा दाखविली. इंग्लंडातील दोन लाखांहून अधिक पुरुषांच्या माहितीने तिला दुजोरा मिळाला. तेथील विशिष्ट फरकाने धोका सुमारे 26 टक्क्यांनी वाढतो. हे जनुक मेंदूच्या ज्या भागात काम करते तेथेच भूक आणि वजन यांचेही नियंत्रण होते, तरीही हा परिणाम वजनावाचून स्वतंत्रपणे दिसला. या पुरुषांतील बहुसंख्य युरोपीय वंशाचे होते, हे विसरू नये. आणि 26 टक्के म्हणजे दैव नव्हे. धूम्रपान सोडल्याने हाती येणारा लाभ लहान नसतो, आणि तो जनुकांना न विचारता मिळतो.

भारतीय माणसाच्या वारशात याहून महत्त्वाची गोष्ट पुण्यात सापडली. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपला आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीने भरलेला, हा आपला नमुना. मातेच्या पोटातच तो घडू लागतो असे पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासातून दिसले.

आणि येथे तिन्ही धागे एका गाठीत येतात. पोटातील चरबी टेस्टोस्टेरॉनचे स्त्रीसंप्रेरकात रूपांतर करते. तीच चरबी प्रतिकारसेनेला सतत डिवचते, आणि त्या मंद जळणाऱ्या दाहाने रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते. तिच्याच पाठोपाठ मधुमेह येतो, आपल्याकडे तर कमी वयात येतो, आणि मज्जातंतूही कुरतडतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शिकलेले डॉ. परेश दंडोना व त्यांचे सहकारी यांनी 2004 साली अमेरिकेत 103 मधुमेही पुरुष तपासले. एक तृतीयांशांत टेस्टोस्टेरॉन कमी होते आणि दोष वृषणांचा नसून मेंदूकडच्या हुकमाचा होता. पन्नाशीच्या गृहस्थाचा उत्थानदोष बहुधा असा मिश्र असतो. त्याला एकच कारण हवे असते, वैद्यालाही एकच हवे असते, आणि शरीर दोघांनाही दाद देत नाही.

यातील एका गोष्टीसाठी मी श्रोत्यांकडे आग्रह धरीन. शिश्नाच्या रोहिणीचा व्यास एक ते दोन मिलिमीटर, हृदयाच्या रोहिणीचा तीन-चार. एकच गंज दोन्ही नळांत चढत असला तर बारीक नळ आधी तुंबतो. म्हणूनच कित्येक पुरुषांत उत्थानदोष हा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसतो. चाळिशीच्या पुढे ज्याला हा त्रास नव्याने सुरू झाला त्याने रक्तदाब, साखर, चरबी आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन तपासून घ्यावे. इच्छाच गेली असेल किंवा टेस्टोस्टेरॉन कमी निघाले तर प्रोलॅक्टिनही. एका सकाळी, एका सुईने हे सारे होते. गलाईच्या धंद्यातल्या माणसांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. शिसे आणि कॅडमियम यांची वाफ शरीरात साचते. शिसे वृषणांना आणि पोष ग्रंथीला, कॅडमियम मूत्रपिंडांना अपाय करते, आणि मूत्रपिंडे बिघडली की संप्रेरकेही बिघडतात. भट्टीवर धुराडे आणि पंखा ही चैन नव्हे.

राहता राहिल्या त्या भिंती. 1954 च्या औषधे व जादूचे उपाय यांविषयीच्या कायद्याने कामशक्ती वाढविण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास मनाई केली आहे. दिल्लीच्याच एका नामांकित दवाखान्याने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले, तेव्हा कायद्याची काही कलमे पडली, पण ही मनाई राहिली. ती अजूनही आहे. चुना आणि रंग मात्र कायद्याहून स्वस्त आहेत.

माझ्या तरुणाच्या तिसऱ्या भेटीच्या वेळी त्याने बायकोला गावाहून आणले. ती विट्याहून प्रथमच इतक्या लांब आली होती. मी गाठीचे चित्र दिव्यासमोर धरून तिला दाखविले, आणि आता मूल होण्याची आशा आहे, शुक्रबीजांची तपासणी सहा महिन्यांनी करू, असे सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, ही गाठ किती वर्षांची असेल? चार-पाच वर्षांची असावी, मी म्हणालो. ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘मंजी मी सोमवार धरले त्याच्याबी आधीची.’’

चित्राची प्रत मिळेल का, असेही तिने विचारले. ती सासूला दाखवायला हवी होती. मी तिला ती दिली.